केहिल, यू. एस. मार्शल (१९७३) : बिल्ला लावलेला बाप आणि दरोड्यात सामील झालेली पोरं

सांजवारा

वेस्टर्न म्हणजे काउबॉय चित्रपटांचा हॉलिवूडचा नायक जॉन वेन, त्याचं नाव निघालं की दिग्दर्शक जॉन फोर्डबरोबरचे चित्रपट आणि ऑस्कर मिळवून देणारी ती डोळ्यावर पट्टी लावलेली भूमिका, एवढ्यावर गप्पा थांबतात. त्यानंतरच्या वर्षांत त्याने जे केलं त्यातलं बरंच विसरण्यासारखं आहे. पण १९७३ चा 'केहिल' त्या ढिगात टाकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. कथा सांगितल्याशिवाय चर्चा होणार नाही, तेव्हा आधी बघायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

जे. डी. केहिल (जॉन वेन) हा यू. एस. मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा-अंमलदार. बायको वारलेली, दोन मुलगे. मोठा डॅनी नुकतं मिसरूड फुटलेला, धाकटा बिली बारा-एक वर्षांचा. बाप महिनोन् महिने गुन्हेगारांच्या मागावर. पहिल्याच प्रसंगात रात्री शेकोटीपाशी बसलेल्या टोळीसमोर तो एकटा जाऊन उभा राहतो. त्याच वेळी घरी काय चाललंय? पोरं एब फ्रेझर नावाच्या माणसाच्या नादी लागलेली आहेत. बेत असा की फ्रेझर, त्याचे साथीदार आणि डॅनी यांनी किरकोळ भांडणावरून कोठडीत जायचं. रात्री बिलीने आग लावायची, गाव तिकडे धावेल, कोठडीतल्यांनी बाहेर पडून बँक लुटायची आणि परत आत जाऊन बसायचं. कोठडीत असलेल्या माणसावर संशय कोण घेणार? पण या गडबडीत शेरीफ मारला जातो आणि खेळ अंगाशी येतो.

केहिल परततो तेव्हा पोरगा गजांआड. तो त्याला सोडवतो आणि, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, स्वतःचा डेप्युटी (हाताखालचा अंमलदार) करून दरोडेखोरांच्या शोधाला बरोबर घेतो. ज्याने दरोड्यात भाग घेतला तोच बापाशेजारी घोड्यावर बसून दरोडेखोर शोधतोय! वाटेत चार भटके सापडतात, त्यांच्याजवळ पैसे सापडतात. ते पकडले जातात, खटला होतो आणि त्यांना फाशी सुनावली जाते. खरं काय ते पोरांना ठाऊक. तोंड उघडावं तर फ्रेझर जिवंत ठेवणार नाही, आणि बापाला काय सांगायचं?

हा ताण दिग्दर्शक अँड्र्यू मॅकलॅग्लन यांनी हवा तितका ताणला नाही अशी माझी तक्रार आहे. शेवटचा गोळीबार ठरावीक वळणाचा. पण मधला तासभर, विशेषतः बाप-लेक एकत्र प्रवास करतात तो भाग आणि बिली तापाने फणफणतो तो भाग, मी पुन्हा पुन्हा बघते. वेस्टर्नमधला कायद्याचा रखवालदार बहुतेक वेळा सडाफटिंग असतो. त्याला घर असतं, घरात वाट बघणारी पोरं असतात आणि त्यांच्या रागाची किंमत त्यालाच मोजावी लागते, हे इथे उघडपणे येतं. तुम्हाला काय वाटतं?


अण्णा_मिरजकर

छान विषय. मुंबईत नोकरीला होतो त्या काळात इरॉस, स्टर्लिंग, न्यू एम्पायर या थिएटरांतून वेस्टर्न बघत आमची पिढी वाढली, त्यामुळे वाचून फार बरं वाटलं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. या चित्रपटात पडद्यामागेही बाप-लेकांचीच गर्दी आहे. निर्माता मायकेल वेन हा जॉन वेनचा थोरला मुलगा. दिग्दर्शक अँड्र्यू हे व्हिक्टर मॅकलॅग्लनचे चिरंजीव. व्हिक्टरला १९३५ च्या फोर्डच्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं होतं. छोट्या भूमिकेतला हॅरी केरी ज्युनियर हा मूकपटांच्या काळातल्या हॅरी केरीचा मुलगा, आणि थोरल्या हॅरीला जॉन वेन गुरुस्थानी मानत असे.

त्यात जॅकी कूगनही आहे. चॅप्लिनबरोबर १९२१ साली झळकलेलं ते अनाथ पोर हेच. लहानपणी त्याने लाखो डॉलर कमावले. वडील अपघातात गेले, आणि सज्ञान झाल्यावर त्याने पैसे मागितले तर आई आणि सावत्र वडिलांनी ते बहुतांश उडवलेले. तो कोर्टात गेला, हाती फारसं लागलं नाही, पण त्यातूनच १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचं रक्षण करणारा कायदा झाला. आजही तो कूगनच्या नावाने ओळखला जातो. आईबापांवरसुद्धा कायदा चालतो, हे ज्याच्या आयुष्यामुळे लिहिलं गेलं तो माणूस या चित्रपटात एका कोपऱ्यात उभा आहे. मला ते बघताना दरवेळी भरून येतं.


चिन्मय_ज

सांजवाराताई, तुमच्या लेखामुळे काल रात्री पाहिला. मला तुमच्याइतका नाही आवडला, कारणं सांगतो.

पहिलं, लाइटफूट. अर्धा कोमांची असलेला हा माग काढणारा माणूस चित्रपटातलं सगळ्यात शहाणं पात्र आहे. ती भूमिका नेव्हिल ब्रँड या गोऱ्या नटाने केली. काम चांगलं करतो, पण १९७३ सालीसुद्धा मूळनिवासी नट घ्यावासा वाटला नाही याचा त्रास होतो. शिवाय त्याला मारून टाकलंय ते मुख्यतः केहिलची कथा पुढे सरकावी म्हणून.

दुसरं आणि मोठं. शेरीफचा खून झालाय. चार निरपराध माणसं फासाच्या दोरापर्यंत पोचली. आणि शेवटी काय, तर पोरांनी खरं सांगितलं, पैसे परत केले, बापाला कळलं की आपण घराकडे लक्ष दिलं नाही. सगळं माफ. शेरीफच्या घरी कोणी नव्हतं का? तीच पोरं मार्शलची नसती तर? कायद्याचा चित्रपट म्हणवणाऱ्या चित्रपटाने हा प्रश्न टाळला याला मी पळवाट म्हणेन.


रानजाई

चिन्मय, तुझं म्हणणं पटतं, पण मला हा चित्रपट वेगळ्याच जागी लागला.

माझे वडील पोलीस खात्यात होते. आम्ही पोलीस लाइनीत वाढलो. गणपती, दिवाळी, निवडणुका, दंगल, कुठलाही मोठा दिवस आला की बाबा बंदोबस्ताला. दहा दिवस घरोघरी आरत्या चालायच्या आणि लाइनीतल्या निम्म्या घरांत बाप नसायचा. परत आले की इतके दमलेले असायचे की आई आम्हाला गप्प बसवायची. माझा भाऊ शाळेत मारामाऱ्या करायचा. तेव्हा सगळे म्हणायचे, फौजदाराचा मुलगा म्हणून माजलाय. आता कळतं, हेडमास्तरांनी बोलावलं की बाबांना रजा टाकून यावंच लागायचं, त्याला तेच हवं होतं.

म्हणून डॅनीचा राग मला खरा वाटतो. त्याला पैसा नको आहे. ज्या एका गोष्टीसाठी बाप घर सोडून जातो, त्याच गोष्टीत जाऊन उभं राहिलं की बाप आपल्याकडे बघेल, असा तो हिशोब आहे. आणि खरंच, दरोड्यानंतरच बाप त्याला पहिल्यांदा बरोबर घेऊन जातो. लिहिणाऱ्यांनी हे जाणून लिहिलंय असं मला वाटतं.


सांजवारा

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं काही लिहवेना. भावाचं ते हेडमास्तरांचं उदाहरण डॅनीला तंतोतंत लागू पडतं.

पटकथा हॅरी ज्युलियन फिंक आणि रीटा फिंक या दांपत्याची. 'डर्टी हॅरी'मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या बेदरकार पोलीस इन्स्पेक्टर कॅलाहनचे जनक हेच. कायदा हातात घेणारा एकटा पुरुष रंगवण्यात त्यांचा हात बसलेला होता. इथे त्यांनी तसाच माणूस घेतला आणि त्याला विचारलं, तुझी पोरं कुठे आहेत? माझ्या दृष्टीने हा त्यांचा जास्त धाडसी प्रयत्न.

चिन्मय, लाइटफूटबद्दल पूर्ण सहमत. माफीबद्दल नाही, त्यावर नंतर लिहिते.


कलम३०२

वकिली करतो, त्यामुळे या चर्चेत पडल्याशिवाय राहवत नाही.

केहिल हा यू. एस. मार्शल आहे, शेरीफ नव्हे. शेरीफ काउंटीतले लोक निवडून देतात. यू. एस. मार्शलला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देते. हे पद १७८९ च्या कायद्याने केंद्रीय न्यायालयांबरोबरच जन्माला आलं. आता बँक लुटणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा झाला १९३४ मध्ये, मोटारी आणि टॉमी गन घेऊन राज्याच्या सीमा ओलांडणाऱ्या टोळ्यांमुळे. म्हणजे घोड्यांच्या काळात एखाद्या गावातल्या बँकेचा दरोडा आणि शेरीफचा खून हे दोन्ही राज्याचे गुन्हे. केहिलचा त्यांच्याशी पदाने संबंध कमी, बाप म्हणूनच जास्त. हे लक्षात घेतलं तर त्याची धावपळ वेगळी दिसते.

चिन्मय यांचा प्रश्न मात्र अगदी कायद्यातला आहे. दरोड्यात सामील असलेल्यांपैकी एकाच्या हातून खून झाला तर बाकीचेही खुनाला जबाबदार, हे तत्त्व इंग्लिश कायद्यातून अमेरिकेत आलं आणि बऱ्याच राज्यांत आजही आहे. आपल्याकडे सामाईक इरादा म्हणतात त्यापेक्षा हे कडक. तिथे मारण्याचा इरादा सिद्ध करावा लागत नाही, दरोड्यात सहभाग पुरतो. त्या हिशोबाने डॅनीने बंदूक चालवली की नाही हा मुद्दाच उरत नाही. खऱ्या कोर्टात तो फासावर गेला असता किंवा जन्मभर तुरुंगात. बिली वयामुळे वाचला असता.


ओझार्क

आम्ही बेंटनव्हिलला राहतो, आर्कान्सॉमध्ये. नोकऱ्यांमुळे इथे बरीच मराठी मंडळी आहेत. इथून दीड तासावर फोर्ट स्मिथ आहे, आणि चिन्मयने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. जरा सविस्तर लिहितो.

फोर्ट स्मिथच्या पश्चिमेला तेव्हा इंडियन टेरिटरी होती, आजच्या ओक्लाहोमाचा मोठा भाग. चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ, सेमिनोल या मूळनिवासी लोकांची आपापली न्यायालयं होती, पण ती आपल्याच लोकांपुरती. बाहेरून आलेला गुन्हेगार तिथे घुसला की त्याला हात लावायचा अधिकार फक्त फोर्ट स्मिथच्या केंद्रीय कोर्टाला. त्यामुळे तो सगळा मुलूख फरारी लोकांनी भरलेला. १८७५ मध्ये आयझॅक पार्कर तिथे न्यायाधीश झाले. एकवीस वर्षांत त्यांनी १६० जणांना फाशी सुनावली, त्यातल्या ७९ जणांची अमलात आली. त्यांच्या कोर्टाची वॉरंटं घेऊन जाणारे डेप्युटी मार्शल डझनांनी मारले गेले.

त्या डेप्युटींमध्ये एक होता बॅस रीव्हज. १८३८ चा जन्म, गुलामगिरीत. यादवी युद्धाच्या काळात मालकापासून पळून तो इंडियन टेरिटरीत शिरला, तिथल्या लोकांत राहिला, त्यांच्या भाषा शिकला. गुलामगिरी संपल्यावर व्हॅन ब्युरनजवळ शेती करू लागला, मोठा संसार झाला. पार्कर आले तेव्हा मार्शलांना त्या मुलखाची नस ओळखणारी माणसं हवी होती, आणि रीव्हजला बिल्ला मिळाला. मिसिसिपीच्या पश्चिमेच्या पहिल्या काळ्या डेप्युटी मार्शलांपैकी तो एक.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. निघण्यापूर्वी वॉरंटं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि पाठ करायचा. कुठला कागद कुणाचा हे त्याला आकारावरून कळे, आणि चुकीच्या माणसाला धरलं असं झालं नाही असं त्याच्याबद्दल सांगतात. तीन हजारांहून जास्त अटका त्याच्या नावावर सांगितल्या जातात.

रानजाईताईंच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. या डेप्युटींना पगार नव्हता. अटकेमागे दोन डॉलर, जाताना मैलाला सहा सेंट, कैदी घेऊन येताना दहा सेंट असा हिशोब, आणि त्यातूनही वरच्या मार्शलचा वाटा जायचा. कैदी वाटेत मारला गेला तर फी बुडायची. म्हणून एका फेरीत जितकी वॉरंटं उरकतील तितकी उरकायची. बरोबर कैद्यांची गाडी, स्वयंपाकी, एखादा मदतनीस, आणि शेकडो मैलांची चक्कर. बाप महिनोन् महिने घराबाहेर असण्याचं कारण त्या दरपत्रकात होतं. घरी बायको नेली आणि मुलं.

एकदा तो स्वतःच आरोपी झाला. १८८४ मध्ये फेरीवर असताना त्याच्या बंदुकीची गोळी त्याच्याच स्वयंपाक्याला लागली आणि तो मेला. रीव्हजचं म्हणणं, बंदूक चुकून उडाली. १८८७ मध्ये पार्करसमोर खटला चालला, तो निर्दोष सुटला. ज्या पिंजऱ्यात तो इतरांना उभं करायचा तिथेच त्याला उभं राहावं लागलं.

आता मूळ गोष्ट. १९०२ साली इंडियन टेरिटरीतल्या मस्कोगी गावात त्याचा मुलगा बेनी याने स्वतःच्या बायकोला गोळी घालून मारलं. संशयावरून भांडण. बेनी पळून गेला. वॉरंट निघालं आणि ते घ्यायला कोणी डेप्युटी पुढे होईना, कारण बापाचा त्यांना आदर होता आणि बेनीने गोळी झाडली तर उलट झाडावी लागणार. रीव्हज तेव्हा साठी ओलांडलेला. त्याने मार्शल लिओ बेनेट यांच्याकडून ते वॉरंट स्वतः मागून घेतलं, मुलाला शोधलं आणि आणून हवाली केलं. बेनीला जन्मठेप झाली. कॅन्ससच्या लेव्हनवर्थ तुरुंगात पाठवलं. रीव्हज १९१० च्या जानेवारीत वारला. बेनी त्यानंतर काही वर्षांनी, १९१४ मध्ये सुटला.


चिन्मय_ज

ओझार्कदादा, हे काहीच माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. आणि यावर त्या काळात चित्रपट निघाला नाही, कारण मार्शल काळा होता. पडद्यावरच्या मार्शलने पोराला माफ केलं, खऱ्याने धरून आणलं. माझा मुद्दा मी सोडत नाही.


कलम३०२

बेनीच्या शिक्षेबद्दल एक भर. पार्कर यांच्या बहुतेक कारकिर्दीत केंद्रीय कायद्यानुसार खुनाला फाशी हीच एक शिक्षा होती. न्यायाधीशाला त्यात सूट देण्याचा अधिकारच नव्हता. त्यांना फाशीवाला जज्ज म्हणतात, पण निम्मं काम कायद्यानेच ठरवून ठेवलेलं होतं. १८९६ च्या नोव्हेंबरात पार्कर वारले. १८९७ च्या जानेवारीत अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा बदलला आणि खुनी ठरवतानाही 'फाशी नको' असं म्हणण्याची मुभा ज्युरीला मिळाली. बेनीचा गुन्हा १९०२ चा. दहा वर्षं आधी घडला असता तर बापाने आणलेला मुलगा बहुधा फोर्ट स्मिथच्या त्याच फाशीच्या चौथऱ्यावर चढला असता, जिथे बापाने आणलेले कितीतरी जण चढले होते.


अण्णा_मिरजकर

ओझार्क, तुम्ही हे इतकं नीट मांडलंत, खूप आभार.

त्याच कोर्टाची आणखी एक घरगुती कथा आहे, डाल्टन बंधूंची. थोरला फ्रँक डाल्टन पार्कर यांच्या कोर्टाचा डेप्युटी मार्शल. १८८७ च्या नोव्हेंबरात फोर्ट स्मिथजवळ घोडेचोराला पकडायला गेला आणि मारला गेला. त्यानंतर ग्रॅट, बॉब आणि एमेट हे धाकटे भाऊसुद्धा काही काळ कायद्याच्या बाजूने काम करत होते. मग हळूहळू घोड्यांची चोरी, मग आगगाड्या. ५ ऑक्टोबर १८९२ ला कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल या गावात त्यांनी एकाच वेळी दोन बँका लुटायचा घाट घातला. ते त्याच भागात वाढलेले, लोक ओळखणारे. गावकऱ्यांनी दुकानांतून बंदुका घेतल्या. बॉब आणि ग्रॅट तिथेच पडले, चार गावकरीही गेले, त्यात गावचा मार्शल होता. तेवीस जखमा झालेला एमेट जगला आणि चौदा वर्षं तुरुंगात काढली. फ्रँकची कबर कॉफीव्हिललाच आहे आणि भाऊही त्याच दफनभूमीत आहेत.

बिल्ला आणि बुरखा एकाच घरात असणं ही त्या मुलखात कल्पनेतली गोष्ट नव्हती.


मृदगंध

आतापर्यंत नुसती वाचत होते. आपल्याकडे हाच पेच सगळ्यात ताकदीने 'शक्ती'त आलाय ना? मुंबईचा डीसीपी, त्याचा लहान मुलगा गुंडांच्या ताब्यात, आणि बाप फोनवर सांगतो की गुन्हेगाराला सोडणार नाही. ते पोराने ऐकलं आणि तिथेच सगळं बिनसलं. शेवटी विमानतळावर बापाच्याच गोळीने मुलगा जातो. १९८२ चा चित्रपट. दिलीपकुमार तिथे एक शब्द जास्त बोलत नाहीत. 'केहिल'मध्ये बाप शेवटी बरंच बोलतो, त्यामुळे मला ते कमी भिडलं.


रानजाई

मृदगंध, 'शक्ती' आमच्या घरात कधीच पूर्ण बघितला गेला नाही. बाबा मध्येच उठून अंगणात जायचे.

पण एक फरक सांगते. 'शक्ती'त बाप चुकलाच नाही असं चित्रपटाला वाटतं. कर्तव्य मोठं, पोरगा दुखावला हे दुर्दैव. 'केहिल'मध्ये बापाला स्वतःच्या पोरांसमोर मान खाली घालावी लागते. जॉन वेनसारख्या माणसाला, ज्याने आयुष्यभर न चुकणारे पुरुष केले, त्याला. म्हणून मला ते बोलणं जास्त झालं असं नाही वाटलं. आमच्या बाबांनी ते कधी म्हटलं असतं तर ते लांबलेलं आहे अशी तक्रार आम्ही केली नसती.


सांजवारा

आता माफीबद्दल लिहिते.

चिन्मय, चित्रपट शिक्षा टाळतो हे खरंच, आणि शेरीफच्या घरच्यांचा उल्लेखही नाही ही माझीही खंत आहे. पण रीव्हजची गोष्ट माफीविरुद्धचा पुरावा म्हणून वाचायला माझं मन घेत नाही. त्याने वॉरंट का मागून घेतलं असेल? दुसरा कोणी गेला असता तर बेनी मारला जाण्याची शक्यता मोठी होती. मुलगा जिवंत कोर्टात उभा राहील याची सगळ्यात जास्त खात्री ज्या एका माणसाच्या हातून होती, तो बाप होता. त्याच्या मनातलं कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्याला लिहिता येत नव्हतं, पण मला त्या जाण्यात कायदा आणि माया वेगळे काढता येत नाहीत.

आणि 'केहिल'मध्येसुद्धा पोरांना बापाने शोधून काढलंय असं नाही, ती खरं सांगण्यापर्यंत स्वतः येतात. चार माणसं फासावर जाणार हे सहन न होऊन. बापाला संशय नेमका कधी आला यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माझं मत, त्याला बरंच आधी कळलंय आणि तो वाट बघतोय. रीव्हजने धरून आणलं, केहिलने यायला वेळ दिला. दोघांनीही पोराला पळून जाऊ दिलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. चित्रपटाने पुढे खटला दाखवला असता तर तो फार मोठा चित्रपट झाला असता, हे मात्र नक्की.


चिन्मय_ज

ताई, वॉरंट मागून घेण्यामागचा हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. पण "वेळ दिला" हे फार उदार वाचन आहे. त्या चार माणसांना किती वेळ होता? त्यांच्या फाशीचा दिवस ठरलेला. बापाला आधीच कळलं असेल तर तो त्यांच्या जिवावर पोरांची परीक्षा घेतोय. आणि कळलं नसेल तर इतका मुरलेला मार्शल चार निरपराधांना पकडून देतो. दोन्हीकडून केहिल अडकतो.


कलम३०२

हा मुद्दा बिनतोड आहे. त्या खटल्यात पुरावा काय, तर जवळ सापडलेले पैसे. चौघांचा वकील जागा असता तर एका उलटतपासणीत प्रकरण कोसळलं असतं.


ओझार्क

फोर्ट स्मिथला कोणी आलंच तर थोडी माहिती देतो. पार्कर यांचं कोर्ट, खालच्या तळघरातला तुरुंग आणि पुन्हा उभारलेला फाशीचा चौथरा हे सगळं राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय. तळघराला तेव्हाचे कैदी सरहद्दीवरचा नरक म्हणत, आत गेलं की का ते कळतं, छत बुटकं आहे आणि हवा येत नाही. जवळच २०१२ मध्ये बसवलेला रीव्हजचा अश्वारूढ पुतळा आहे. मार्शलांचं मोठं संग्रहालयही गावात झालंय. ओक्लाहोमात मस्कोगीजवळ आर्कान्सॉ नदीवरच्या पुलाला त्याचं नाव दिलंय. त्याची कबर नेमकी कुठे आहे ते मात्र कुणालाच नक्की सांगता येत नाही. इतक्या लोकांची नावं पाठ ठेवणाऱ्या माणसाच्या नावाचा दगड शिल्लक नाही, याचं मला तिथे फार वाईट वाटलं.

मुलांना घेऊन जायला हरकत नाही, फक्त चौथऱ्याबद्दल ती प्रश्न विचारतात, त्यांची तयारी ठेवा.


अण्णा_मिरजकर

धाकट्या बिलीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून सांगतो. ते काम केलेला क्ले ओब्रायन खरोखरच घोड्यावरचा पोरगा होता. मोठेपणी क्ले ओब्रायन कूपर या नावाने तो रोडिओत, म्हणजे काउबॉय कौशल्यांच्या स्पर्धांत, उतरला आणि दोघांनी मिळून तरुण बैलाला दोर टाकायच्या प्रकारात सात वेळा जगज्जेता झाला. चित्रपटात तो घोड्यावर बसतो ते बघा, कुठेही अभिनय नाही. डॅनी झालेला गॅरी ग्राइम्स मात्र थोड्याच वर्षांत अभिनय सोडून बाजूला झाला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो कोंडलेला राग मला आजही आठवतो.


मृदगंध

संगीत एल्मर बर्नस्टीनचं आहे हे श्रेयनामावलीत पाहिलं. सात बंदूकबाजांच्या त्या गाजलेल्या चित्रपटाचं संगीत त्यांचंच ना? इथे सुरुवातीची धून चांगली आहे, पण बिली आजारी पडतो तिथे संगीत फार सूचना देत राहतं, ते खटकलं.


रानजाई

सांजवारा, एक विचारायचं होतं. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि भाऊ दिवाळीला येतोय. दोघांबरोबर बघावा असं फार वाटतंय. मुलाला झेपेल का?


सांजवारा

नक्की बघा. अमेरिकेत त्याला पालकांच्या मार्गदर्शनाखाली चालेल असं प्रमाणपत्र होतं. गोळीबार आहे, पण आजच्या मानाने रक्त कमी. लाइटफूट मारला जातो ती रात्र आणि फ्रेझर बिलीला धमकावतो ते प्रसंग दहा वर्षांच्या मुलाला भीती घालतील, तेव्हा शेजारी बसा. भाऊ असतीलच. आणि मग ते काय म्हणाले, डॅनी आणि बापाच्या प्रवासाबद्दल खास करून, ते इथे नक्की लिहा.